गोव्यात रेखीव बाग: पावसाशी जमवून घेत, सेंद्रिय पद्धतीने

रेखीव बाग म्हणजे सरळ वाटा, कापून सारखी केलेली कुंपणे, समोरासमोर जुळणारे वाफे. गोव्यात ती आखणे सोपे आहे, राखणे कठीण. जून ते सप्टेंबर इथे सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्या दिवसांत आज कापलेले कुंपण पंधरवड्यात पुन्हा झिपरे दिसू लागते. ऑक्टोबर सरला की मेअखेरपर्यंत आभाळातून जवळजवळ काहीच नाही. रसायने वापरणारे तणनाशक फवारतात, वाढ रोखणारी औषधेही देतात. सेंद्रिय बागेत ते सगळे काम माणसाच्या हातांवर येते. म्हणून नवख्यांना माझे पहिले सांगणे हेच, की कागदावर ओढलेली प्रत्येक रेघ ही दर वर्षीची मजुरी आहे. रेघा थोड्या ओढा आणि पक्क्या ओढा.

खालची माहिती घरापुढच्या अंगणासाठी आहे. रिसॉर्टसारखी एकरभर हिरवळ हवी असेल तर ती सेंद्रिय पद्धतीने राखण्याचा नाद न केलेला बरा.

आधी जागा ओळखा

जमत असेल तर एक पावसाळा काहीही न लावता जाऊ द्या. जोराची सर आली की छत्री घेऊन अंगणात उभे राहा. पाणी कुठून उतरते, कुठे थबकते, कोणत्या कोपऱ्यातून बाहेर पडते ते बघून तिथे खुंट्या ठोका. एवढे थांबायला वेळ नसेल तर शेजाऱ्याला विचारा. पाणी कुणाच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागायतीत, जाते यावरून गावात जुने वाद असतात, त्यामुळे उत्तर तपशिलात मिळेल.

मे महिन्यात विहिरीचे पाणी बघा. मांडवी, झुआरी किंवा त्यांच्या खाड्यांजवळ, खाजनांच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांच्या, कडेला राहत असाल तर उन्हाळ्याच्या शेवटी पाणी मचूळ लागते. अशा पाण्यावर नाजूक झाडांच्या पानांच्या कडा करपतात. झाडे निवडताना हे पहिल्यांदा लक्षात घ्यावे लागते.

जागेत जुनी झाडे असतील तर त्यांच्याभोवती आखणी करा. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे खाजगी जमिनीतले झाड तोडायलाही परवानगी लागते, आणि सावली देणारे फणस-आंब्याचे झाड पाडून तिथे फूटभर उंचीचे कुंपण लावण्यात शहाणपण नाही. माड असेल तर त्याच्या घेराखाली बाकडे किंवा मुलांच्या खेळण्याची जागा ठेवू नका. नारळ उतरवणारे पाडेली वेळेवर मिळत नाहीत आणि नारळ कुणाची वाट बघत नाही.

अंगणात रोयण, म्हणजे वारूळ, निघाली तर? वारुळाच्या रूपात सातेरीची पूजा करणारा हा प्रदेश आहे. बरीच घरे रोयण मोडत नाहीत, आणि मोडायची गरजही नसते. तिच्याभोवती हातभर मोकळी जागा सोडून चिऱ्यांचा गोल करा. बागेला आयता केंद्रबिंदू मिळतो.

मधली रेघ तुमच्या दारातून निघते

आखीव बागेला एक मुख्य अक्ष लागतो, ज्याच्या दोन्ही बाजू तोलून मांडलेल्या असतात. गोव्यातल्या हिंदू घरात तो शोधत बसावा लागत नाही. मुख्य दार आणि समोरचे तुळशीवृंदावन यांना जोडणारी रेघ तोच. ख्रिश्चन घरांपुढे कित्येकदा त्याच जागी पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस, असतो. जुन्या वाड्यांतले राजांगण तर मुळातच चौकोनी, मधोमध तुळस आणि चारी बाजूंनी ओसरी असलेले. त्यात चार कोपऱ्यांना चार कुंड्या ठेवल्या तरी रेखीव बाग झाली.

कल्पना यायला दोन ठिकाणी जाऊन या. एक म्हणजे फोंड्याकडच्या कुठल्याही मोठ्या देवळाचे प्रांगण, मंगेशी किंवा कवळ्याची शांतादुर्गा. दीपस्तंभ, तुळस, तळी, फरसबंदी असे सगळे मापून मांडलेले असते आणि त्यात झाडे फार थोडी असतात. रेखीवपणा दगडातून येतो, हे तिथे कळते. दुसरे, पणजीत चर्चजवळचे गार्सिया द ओर्ता यांच्या नावाचे उद्यान. या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. आत फिरताना फुलांपेक्षा वाटांकडे बघा. त्या कुठे एकमेकींना छेदतात, किती रुंद आहेत, मोठ्या झाडांच्या सावलीत काय वाढते आणि काय वाढत नाही.

रेघांचा हिशेब

आता वही घ्या. समजा घरापुढे १२ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद जागा आहे. दारापासून सरळ जाणारी मुख्य वाट १.२ मीटरची, म्हणजे दोन माणसे बोलत शेजारी शेजारी चालतील एवढी. तिला मध्यावर छेदणारी आडवी वाट ०.९ मीटरची. चार वाफे तयार झाले, प्रत्येक साधारण ५.५५ बाय ३.९ मीटरचा.

चारही वाफ्यांना चारी बाजूंनी बुटके कुंपण लावायचे ठरवले तर त्याची लांबी भरते ७५.६ मीटर. ३० सेंटिमीटरवर एक रोप धरले तर सुमारे २५० रोपे. खरा खर्च रोपांचा नाही. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी ७५ मीटर कुंपण डावीकडून, उजवीकडून आणि वरून कापायचे असते.

तेच कुंपण फक्त मुख्य वाटेच्या दोन्ही कडांना लावले तर लांबी २२.२ मीटर आणि रोपे ७४. वाफ्यांच्या बाकीच्या कडा जांभ्या चिऱ्यांनी बांधून घ्या. घरातून पाहणाऱ्याला बाग तितकीच रेखीव दिसते, कारण नजर मुख्य वाटेवरून जाते. चिऱ्याला कात्री लागत नाही, पाणी लागत नाही आणि दोन पावसांत त्यावर शेवाळाचा हिरवा रंगही चढतो.

वाफ्यांच्या आत मात्र मोकळे सोडा. कडा ताठ असल्या की आतली अबोली थोडी वाकडीतिकडी वाढली तरी डोळ्याला खुपत नाही. नवखे लोक उलटे करतात. आत नक्षी काढतात, नावे आणि नक्षत्रे लिहितात, आणि बाहेरची कड मातीची ठेवतात. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात ती नक्षी गटारात जाते.

कागदावरून जमिनीवर

लागणारे सामान थोडे आहे: खुंट्या, सुतळी, मोजपट्टी, आखणीची फक्की आणि प्लंबरकडची पाणी भरलेली लेव्हल पाईप. दाराच्या मध्यापासून वृंदावनाच्या मध्यापर्यंत सुतळी ताणा. आडवी रेघ काटकोनात आणायला तीन-चार-पाचाचा नियम वापरा. एका सुतळीवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर मोजा. त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ मीटर आले की काटकोन झाला. प्रत्येक वाफ्याचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर वाफा तिरका आहे. आताच दुरुस्त करा, कारण कुंपण वाढल्यावर हा तिरकसपणा पहिल्या मजल्याच्या खिडकीतून रोज दिसतो.

फक्कीने रेघा मारून झाल्या की चार-पाच दिवस तसेच सोडा आणि त्या वाटांवरूनच ये-जा करा. घरातली माणसे, दूधवाला आणि कुत्रा जिथून जाणार तिथूनच जातात. त्यांची वाट आणि तुमची रेघ जुळत नसेल तर रेघ हलवा.

वाटांना लेव्हल पाईपने ढाळ द्या. दर मीटरला एक-दीड सेंटिमीटर पुरतो. खाली मुरूम ठोकून घ्या, वर खडी किंवा चिरे. सिमेंट काँक्रीट ओतू नका. त्यातून पाणी जिरत नाही, शिवाय त्याचा चुना शेजारच्या मातीत उतरतो. त्याचा परिणाम पुढे एक्झोऱ्याच्या, म्हणजे कुंपणाच्या झुडपाच्या, पानांवर दिसेल.

माती

सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, किंवा डोंगरउतारावर घर असेल तर फूटभर खणल्यावर जांभा लागतो. पिकावाने खड्डा खोदून त्यात झाड लावले की पावसात त्या खड्ड्याची टाकी होते, कारण तळाच्या कातळातून पाणी झिरपायला वेळ लागतो आणि मुळे कुजतात. अशा जागी खाली जाऊ नका, वर या. चिऱ्यांची कड २० ते ३० सेंटिमीटर उंच बांधून आत माती भरा. कडेच्या खालच्या थरात दर दीड-दोन मीटरवर एक फट सोडा, म्हणजे पाणी अडणार नाही.

भरायचे मिश्रण मी साधे ठेवते: दोन घमेली तांबडी माती, एक घमेले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट, अर्धे घमेले जाडसर रेती. किनाऱ्याजवळची जमीन रेताड असते, तिथे रेती नको. उलट कंपोस्ट दुप्पट करा.

मातीची तपासणी करून घ्या. जागेत पाच-सहा ठिकाणी १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डे घेऊन कडेची माती खरवडा, सगळी एकत्र करून सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरून न्या. कृषी खात्याच्या जवळच्या विभागीय कार्यालयात चौकशी केली तर नमुना कुठे द्यायचा ते सांगतात. जुन्या गोव्यात एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, कृषी विज्ञान केंद्रही तिथेच आहे. इथली माती बहुतेक आम्ल निघते. अहवालात सांगितले असेल तेवढाच चुना किंवा डोलोमाइट एप्रिल-मे मध्ये मातीत मिसळा. अहवालाशिवाय नको. बागेत लावायची बरीच झाडे आम्ल मातीवर खूश असतात.

कुठले झाड कुठे

युरोपी बागांच्या चित्रांतले बॉक्सवुड इथल्या दमट उकाड्यात शोधू नका. आपल्याकडे त्याहून चांगले पर्याय आहेत.

बुटक्या कुंपणासाठी मिनी एक्झोरा माझी पहिली निवड. तो सावकाश वाढतो आणि सेंद्रिय बागेत सावकाश वाढणारे झाड म्हणजे वाचलेली मजुरी. याच्या कुळातली रानटी पिटकुळी कोकणातल्या रानात आपोआप वाढते, तेव्हा हवामानाची चिंता नाही. याला आम्ल माती लागते. सिमेंटच्या गिलाव्याच्या भिंतीला टेकून लावला तर नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण चुन्यामुळे मुळांना लोह घेता येत नाही. भिंतीपासून निदान दोन फूट दूर लावा.

कमरेएवढ्या किंवा त्याहून उंच कुंपणासाठी कुंती. पाने गडद, कात्री छान सोसते आणि पाऊस पडून गेला की पांढरी फुले येऊन सगळे अंगण दरवळते. एक अडचण आहे. लिंबाच्या झाडांवर हरितरोग पसरवणारी सिट्रस सिला नावाची कीड कुंतीवरही वाढते. परसात लिंबू किंवा तोरिंज असेल तर कुंती नको, जास्वंद लावा.

समुद्रकाठी, खारा वारा लागतो तिथे कोयनेल. खारे पाणीही तिला चालते. वाढते जोरात, म्हणून ती फक्त बाहेरच्या हद्दीला, आतल्या नक्षीत नको.

सोनेरी दुरंता नर्सरीत सगळ्यात स्वस्त मिळतो आणि नर्सरीवाला तोच गळ्यात मारतो. पावसात तो इतका भराभर फुटतो की कात्री खाली ठेवायला वेळ मिळत नाही. सरकारी चौकात माळी रोज येतात, तिथे ठीक.

उंची देणाऱ्या झाडांत बकुळ, म्हणजे आपली ओंवळ, फार गुणी. वर्षभर हिरवी, डोक्याचा आकार आपोआप घुमटासारखा, आणि छाटून तो आणखी रेखीव करता येतो. वाटेच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना एकेक लावा आणि धीर धरा. नागचाफा मुळातच निमुळता वाढतो. समुद्रालगत उंडी.

सरळ खांबांसारखी रांग हवी असेल तर पोफळी. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागायतीत, पाहिलेल्या पोफळीची रांग अंगणात विलक्षण ऐटदार दिसते. दोन झाडांत २.७ मीटर अंतर ठेवा. कोवळ्या पोफळीच्या खोडाला दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन सोसत नाही, खोड भाजून चिरते. त्या बाजूला पहिली काही वर्षे चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, सावली बांधावी लागते.

वाफ्यांच्या आतला माल ऋतूप्रमाणे बदलता ठेवा. पावसात तेरडा, गणपतीनंतर झेंडू आणि शेवंती, अर्धवट सावलीत बारमाही अबोली. अबोलीच्या मुळांना सूत्रकृमींचा, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म कृमींचा, त्रास होतो, म्हणून तिच्या वाफ्यात झेंडूचे एक पीक आलटून पालटून घ्या. झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमी कमी होतात.

हिरवळीबद्दल थोडक्यात. ती लहान ठेवा. सावलीत रुंद पानांचे कार्पेट ग्रास, उन्हात आपली दूर्वाच. परदेशी नाजूक गवताला उन्हाळ्यात पाणी पुरवता पुरवता विहीर आटते.

लावणी

कुंपणाची रोपे मृगाचे दोन-चार पाऊस झाले, माती आतपर्यंत भिजली, की लावा. ऐन जुलैच्या झडीत लावलेली लहान रोपे वाहून जातात किंवा कुजतात. जून हुकला तर सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर ही दुसरी वेळ, मात्र मग पहिला उन्हाळा त्यांना पाण्यावर काढावा लागेल.

खड्ड्यांऐवजी सलग चर खणा, फूटभर रुंद आणि तेवढाच खोल. सुतळी ताणलेली राहू द्या आणि प्रत्येक रोपाचे खोड सुतळीला लावून बसवा. मिनी एक्झोरा २५ ते ३० सेंटिमीटरवर, कुंती ४५ वर. माती पायाने हलकेच दाबा.

पुढचे काम नवख्यांच्या जिवावर येते. रोपे १५ ते २० सेंटिमीटर वाढली की शेंडे खुडा. खुडले नाहीत तर कुंपण वर झुपकेदार आणि खाली उघडे होते, आणि खालचा उघडेपणा नंतर भरून निघत नाही. पहिली दोन वर्षे उंची मिळवायची घाई करू नका. खालून दाट होऊ द्या.

खत: बागेतले बागेतच

रेखीव बागेतून कापलेली पाने सतत निघतात. गवत, पालापाचोळा, झावळ्या वेगळ्याच. हे सगळे बाहेर जाळायला दिले आणि खताची पोती विकत आणली तर ती सेंद्रिय बाग नावापुरतीच.

कंपोस्टचा ढीग निदान मीटरभर लांब, रुंद आणि उंच करा. त्याहून लहान ढीग तापत नाही. सुकी पाने दोन-तीन भाग, हिरवा कापलेला पाला एक भाग, अधूनमधून शेणकाला. पंधरवड्याने उलथा. वर पत्रा हवाच. उघड्यावरच्या ढिगातले सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर निघून जाते आणि उरतो तो नुसता भुसा. हद्दीवर गिरिपुष्पाची चार झाडे लावली तर नत्राने भरलेला पाला वर्षातून दोन-तीनदा मिळतो. कुंपणाच्या मुळाशी तो नुसता पसरला तरी चालतो.

बागेत माड असतील तर एक धोका ओळखून ठेवा. गेंडा भुंगा माडाच्या कोवळ्या, न उलगडलेल्या सुईत शिरून ती कुरतडतो, मग नवी झावळी कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी उघडते. हा भुंगा अंडी घालतो ती शेणाच्या आणि कंपोस्टच्या ढिगात. म्हणजे सेंद्रिय बागायतदार स्वतःच त्याला घर बांधून देतो. ढीग उलथताना इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या की वेचून कोंबड्यांना टाका. मेटारायझियम ही अळ्यांना रोग करणारी बुरशी बाजारात मिळते, ती ढिगात मिसळा. ढीग शक्यतो माडांपासून लांब ठेवा.

जीवामृत घरगुती प्रमाणात करायचे तर २० लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, अर्धा ते एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत झाकून ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा. दोन-तीन दिवसांत तयार होते आणि आठवड्याच्या आत संपवायचे असते. दहापट पाण्यात मिसळून ओल्या मातीवर घाला. धो-धो पावसात घालू नका, ते शेजाऱ्याच्या भाटात जाईल. उघडीप बघून घाला. जीवामृत मातीतल्या जिवाणूंना चालना देते, पण अन्नाचा साठा कंपोस्टमधूनच मिळतो. एकाला दुसऱ्याचा पर्याय समजू नका.

कात्री

कुंपण कापताना दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून सुतळी बांधा. अनुभवी माळीसुद्धा डोळ्याच्या अंदाजाने कापत गेला की मधे पोट येते. खालचा भाग वरच्यापेक्षा थोडा रुंद ठेवा, म्हणजे खालच्या पानांपर्यंत ऊन पोचते. वर रुंद आणि खाली अरुंद असे कुंपण दोन वर्षांत खालून सुकते.

जून ते सप्टेंबर दर दोन-तीन आठवड्यांनी हलकी कापणी. मोठी छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये. एप्रिल-मे मध्ये जोराची छाटणी टाळा, आतली कोवळी पाने उन्हाने करपतात. पावसाळ्यात कुंपण फार दाट झाले तर मधल्या काही फांद्या आतून काढून टाका. हवा खेळली नाही की आत पांढरी बुरशी धरते. रोगट फांदी कापल्यावर कात्रीची पाती पुसून घ्या. कापलेला पाला थेट ढिगात, मात्र रोगट पाने नकोत.

तण, कीड आणि गोगलगायी

तण उपटायची उत्तम वेळ म्हणजे पाऊस पडून गेल्यानंतरचा तास, मूळ सगळे बाहेर येते. वाफ्यात मोकळी माती ठेवूच नका. जुने पुठ्ठे अंथरून वर चार बोटे सुका पाला टाका. हद्दीवरची रानमोडी हिवाळ्यात फुलायच्या आत कापा. फूल धरण्यापूर्वीचा तिचा पाला आच्छादनाला चालतो, बी धरल्यावर मात्र तुम्हीच ती सगळीकडे पेराल.

जास्वंदीवर आणि एक्झोऱ्यावर पिठ्या ढेकूण दिसला, पाने चिकट आणि काळी पडू लागली, की आधी मुंग्यांकडे बघा. मुंग्या गोड चिकट्यासाठी त्यांना पोसतात. पाण्याच्या जोरदार धारेने कीड धुऊन काढा, मग एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. आधी दोन-चार पानांवर करून बघा. फुलांवर मधमाश्या असताना फवारू नका. हुमले, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, मात्र सगळीच हाकलू नका. लाल मुंग्यांचे घरटे असलेल्या झाडावर अळ्या कमी टिकतात. फक्त ते घरटे कात्रीच्या वाटेत नसावे.

पोफळीला कोळेरोग, म्हणजे सुपारी कुजवणारा बुरशीचा रोग, लागू नये म्हणून पावसाच्या तोंडाशी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १०० लिटर पाणी. सेंद्रिय शेतीत याला मर्यादित मुभा असते, कारण मोरचुदातले तांबे मातीत साठत जाते. सुपारी विकायची नसेल, पोफळ शोभेची असेल, तर गळालेली सुपारी वेचून नष्ट करा आणि फवारणी सोडून द्या.

आफ्रिकन गोगलगायींना मात्र दयामाया नको. पावसात त्या रात्रीतून झेंडूचा वाफा साफ करतात. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओले गोणपाट अंथरून खाली पपईची पाने किंवा कोबीचा पाला ठेवा. सकाळी त्या खाली गोळा झालेल्या मिळतील. हातमोजे घालूनच उचला, त्यांच्यात माणसाला आजारी करणारे जंत असू शकतात. साबण-मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. वाफ्यावर मीठ टाकू नका, गोगलगाय मरेल पण मातीही नासेल. एका घराने काढून भागत नाही, वाड्यावरच्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात मोहीम काढली तर फरक दिसतो.

मधोमध पाण्याचे कुंड ठेवले असेल तर त्यात गप्पी मासे सोडा. डास हा बागेचा नाही, आरोग्याचा प्रश्न आहे.

उन्हाळ्याचे पाणी

ठिबकची नळी कुंपणाच्या मुळाशी सरळ रेषेत टाकता येते, हा रेखीव बागेचा फायदा. पहाटे पाणी द्या. मुळांभोवती सोडणे, म्हणजे नारळाची सोललेली सालटी, काथ्याची बाजू वर करून एका थरात पुरली तर ती पाणी धरून ठेवतात. माडाच्या आळ्यात हे आपल्याकडे पूर्वीपासून करतात, कुंपणाच्या चरातही चालते. ताजी सोडणे आधी भिजवून ते पाणी टाकून द्या. खारट विहीर असेल तर पावसाचे साठवलेले पाणी एक्झोऱ्यासाठी राखून ठेवा, कोयनेल खाऱ्यावर निभावून नेईल.

वाटेवरच्या चिऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते आणि घसरायला होते. रोजच्या चालण्याच्या भागावर काथ्याच्या ब्रशने घासून वर जाड रेती भुरभुरा. कडांवरचे शेवाळ राहू द्या.

मे महिन्यात, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी चाललेली असते तेव्हा, बागेचीही बेगमी करून ठेवा. गटारे आणि चिऱ्यांमधल्या फटी मोकळ्या करा. सुकी पाने गोण्यांत भरून पत्र्याखाली रचा, कारण जूनपासून चार महिने ढिगात घालायला सुका पाला कुठेच मिळणार नाही. कात्री आणि कोयता धार लावून तेल पुसून ठेवा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कलमे आणि रोपे येऊ लागतात, पण मोह आवरून आधी वहीतला आकडा बघा आणि तेवढीच आणा, वर दहा-बारा मेलेल्यांच्या जागी लावायला. शेणखताच्या ढिगावर ताडपत्री आताच बांधा. पहिल्या पावसानंतर दुकानात ती मिळायची मारामार असते.